जागच्या जागी

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात आणि मग दोघांचाही पाय निघत नाही. वर उड्डाणपूल, खाली भुयारी मार्ग, मधे आपण क्लच दाबून. जागच्या जागी राहायचा एवढा सराव असताना ट्रेडमिल कशाला, असं बायकोने विचारलंच. पण डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, आणि गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला जायचं तर आधी गाडी काढावी लागते!

दुकानातला पोरगा म्हणाला, ‘काका, चार एचपी!’ ही पीक पॉवर, म्हणजे क्षणभराचा आव. विचारायची ती कंटिन्युअस, मोटर तासभर टिकवते ती. पळायचं तर पट्टा १४० सेंटीमीटरच्या आसपास लांब हवा, नुसतं चालायला १२० पुरतो. वजनमर्यादा आपल्यापेक्षा वीसेक किलो जास्त बघावी. आणि आपलं वजन म्हणजे काट्यावरचं, लोकांना सांगतो ते नव्हे. पोराने ब्लूटूथ स्पीकर हौसेने वाजवून दाखवले. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल कधी घालायचं, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

१८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायचक्की, म्हणजे मूळची ट्रेडमिल, काढली. ती शिक्षा निदान फुकट होती. आमची बारा हप्त्यांत आहे.

सध्या तिच्या दांड्यावर दोन टॉवेल आणि एक बनियन वाळतंय. घेणार असाल, तर दांडा रुंद बघून घ्या.