ए एस डी एफ, सा रे ग म

टायपिंगच्या क्लासचा पहिला धडा आठवतो? ए एस डी एफ जी एफ, सेमिकोलन एल के जे एच जे. तीस आणि चाळीसच्या सर्टिफिकेटसाठी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी हा मंत्र घोकला. आता संगणकावर सॉफ्टवेअर पियानो उघडा आणि तोच धडा गिरवा. सा रे ग म प म, मग वरचे ग रे सा आणि नि ध नि. अस्सल पलटा! सरांनी फी घेतली टायपिंगची, शिकवला अलंकार.

आणि आपण सर्टिफिकेट घेऊन कारकून झालो.

रचना सोपी आहे. गॅरेजबँड घ्या, एबलटन घ्या, कीबोर्डची मधली ओळ म्हणजे पांढऱ्या पट्ट्या, वरची ओळ म्हणजे काळ्या. झेड आणि एक्सनं सप्तक खाली-वर. एका वेळी अठरा सूर हाताशी, म्हणजे दीड सप्तक. आपल्या भजनाच्या बहुतेक चाली तेवढ्यात मावतात. न मावणारी चाल बुवांनाही सहसा पेलत नाही.

वरच्या ओळीत काळ्या पट्ट्यांच्या मधली दोन अक्षरं मात्र मुकी राहतात, आर आणि आय. ग-म आणि नि-सा यांच्यामध्ये काळी पट्टीच नसते, मग त्या कळांनी वाजायचं काय? इंग्रजीत सगळ्यांत जास्त मिरवणारा ‘आय’ इथं गप्प बसतो. संगीतानं माणूस नम्र होतो म्हणतात, ते असं.

पेटीवाल्यांची भाषा ठरलेली: काळी एक, काळी दोन, पांढरी चार. लॅपटॉपवर सगळ्याच कळा काळ्या. काळी एक म्हणजे डब्ल्यू, पांढरी चार म्हणजे एफ. मावळातल्या एखाद्या सप्ताहात जाऊन विचारून बघा, ‘बुवा, आज डब्ल्यूत धरू का?’ पखवाज थांबेल.

कीबोर्डची भाषा चुकून मराठी राहिली तर आणखी मौज. १९८६ च्या इनस्क्रिप्ट मांडणीत सा ते प या पाच कळांवर काय बसलंय? ओकाराची मात्रा, एकाराची मात्रा, हलन्त, ऱ्हस्व वेलांटी, ऱ्हस्व उकार. म्हणजे मात्रा भरपूर, अक्षर एकही नाही.

हल्लीची बरीच गाणी याच मांडणीत लिहिलेली दिसतात.

आता तळेगावात घर आणि हिंजवडीत नोकरी असलेल्या आपल्या गड्याकडे वळू. घरून काम, कानाला हेडफोन. घरच्यांना ऐकू येते ती नुसती टकटक. केवढं राबतंय पोर! त्याचं यमनातली गत वाजवणं चालू असतं. ऑफिसच्या कामात एवढी टकटक कधी ऐकू आली नव्हती, ही शंका कुणालाच कशी येत नाही?

बरं, सूर लागला तरी वेळेवर लागेल याची खात्री नाही. कळ दाबणं, संगणकानं ती वाचणं, आवाज बनवणं आणि तो बाहेर पाठवणं, यात मिलिसेकंद सांडत जातात. कळ दाबायची कामशेतला आणि सूर उमटायचा मळवलीला. त्यावर एएसआयओ नावाचा ड्रायव्हर १९९७ पासून उपलब्ध आहे. पण गडी तो टाकत नाही, तबलजीला दोष देतो.

तबलजी म्हणजे मोबाइलवरचं अॅप. तेही त्याचंच.

वर ब्लूटूथ हेडफोन. त्याची दिरंगाई सहज शंभर-दीडशे मिलिसेकंदांची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मिलिसेकंद उशीर झाला की साथीदार ३४ मीटर लांब जाऊन बसला असं समजा. दोनशे रुपयांची वायर वाचवायला गडी बैठकीतून उठून अंगणात जातो.  वायर ‘दिसते’ ना!

दुसरा रडगाण्याचा विषय: जोर. खऱ्या पियानोवर हळू दाबलं की हळू, जोरात दाबलं की जोरात. मिडी या डिजिटल वाद्यांच्या भाषेत त्यासाठी १२७ पर्यंत पायऱ्या आहेत. ही पद्धत १९८३ पासून जगभर चालते. संगणकाच्या कळेला मात्र दोनच गोष्टी कळतात, दाबलं आणि सोडलं. प्रेमानं दाबा नाहीतर रागानं, सूर तेवढाच. सरकारी कार्यालयातला अर्ज आणि लॅपटॉपचा सूर, दोघांनाही तुमच्या भावनांशी देणंघेणं नाही.

पेटीचा भाता आठवून उसासे टाकणारे भेटतातच. ‘भात्यात श्वास असतो हो.’ असतो, मान्य. पण लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्यात लाकूड फुगतं, सुराच्या पट्ट्या गंजतात, तबल्याची शाई भिजून आवाज बसतो. सॉफ्टवेअरच्या पेटीला बुरशी येत नाही. फक्त तोच पाऊस वीजही घेऊन जातो आणि बॅटरी ‘दहा टक्के’ म्हणते.

मग उसासेवाले पेटी काढतात. भाता दमट, पण चालतो.

लोणावळ्याची स्वतःची अडचण निराळी: चिक्की. लॅपटॉप मांडीवर आणि चिक्की तोंडात, असा रियाज चालला की चुरा कळांखाली जाणारच. एस अडकला की रिषभ वर्ज्य. जी अडकला की पंचम वर्ज्य. रागनिर्मितीचा इतका गोड मार्ग दुसऱ्या कुठल्या घराण्यात सापडेल?

स्वस्त कीबोर्डची आणखी एक खोड. तीन-चार कळा एकदम दाबल्या तर काही जोड्यांत एखादी कळ वाचलीच जात नाही, कारण आतल्या तारांची जाळी आडव्या-उभ्या रांगांची असते. पाश्चात्त्य कॉर्ड वाजवणारे वैतागतात. आपल्याकडं एका वेळी एक सूर पुरतो. सातशे रुपयांचा कीबोर्ड जन्मतःच हिंदुस्थानी निघाला.

‘पण हे वाद्यच नव्हे!’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १८४२ मध्ये पॅरिसच्या दबँनं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पेटी इथं रुळली आणि १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिला स्टुडिओबाहेर काढलं. आरोप काय? परदेशी आहे, मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज तीच पेटी परंपरा आणि लॅपटॉप परका.

पेटीचा पासपोर्ट आता कुणी तपासत नाही, एवढाच फरक.

आणि मींड? गॅरेजबँडमध्ये आकड्यांच्या ओळीतल्या एक आणि दोननं सूर खाली-वर वाकवता येतो. ज्यावरून पेटी तीन दशकं बाहेर बसली, ते लॅपटॉपला दोन कळांत जमतं. कसं वाजतं ते मात्र विचारू नका. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्याचा भास झाला तर दार लावून घ्या.

श्रुतींचा हिशोबही जुना आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं आणि क्लेमंट्स या इंग्रज आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुती-हार्मोनियमचा घाट घातला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली. भांडण होतं ते पेटीचा गंधार साधारण १४ सेंट चढा असतो, म्हणून. अनेक सॉफ्टवेअरांत तो मेनूतून उतरवता येतो. किती जण उतरवतात? मेनू उघडतो तो गिटारचा आवाज फाडायला.

सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी आपल्याला काय दिलं? १९९१ च्या जनरल मिडीच्या यादीत १२८ वाद्यं. सतार आहे, शहनाई आहे. तबला नाही, पखवाज नाही. पेटीच्या जवळचा म्हणून रीड ऑर्गन आहे. नाट्यसंगीतवाल्यांची सोय झाली, भजनवाल्यांनी पुढच्या समितीची वाट बघावी.

तालाचा विषय निघालाच आहे तर मळवलीला उतरून भाज्याला जा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेण्यांत एक बाई तबल्यासारखं जोडवाद्य वाजवताना कोरली आहे, शेजारी दुसरी नाचते आहे. हजारो माणसं धबधब्याखाली स्पीकर घेऊन येतात आणि तिला न बघताच परततात. मावळातला सगळ्यात जुना ताल, आणि श्रोते खाली डीजेला.

गंमत म्हणजे टाइपरायटर जन्माला आला तोच पियानोच्या वेषात. शोल्स आणि मंडळींच्या १८६८ च्या पेटंटात अक्षरांसाठी चक्क पियानोसारख्या पट्ट्या आहेत. पुढं त्या जाऊन गोल बटणं आली. दीडशे वर्षांनी आपण त्याच बटणांवर पुन्हा पियानो शोधतोय. याला प्रगती म्हणायचं की माहेरपण?

आता खरा मुद्दा. दीड सप्तकात कंटाळा आला की गडी ४९ कळांचा मिडी कीबोर्ड घेतो. मग ६१ चा. मग पवनेकाठच्या सेकंड होममध्ये ८८ चा, कारण ‘तिथं शांतता असते’. शांतता असतेच. ८८ कळांपैकी एकही वाजत नसेल तर दुसरं काय असणार?

उलट वडगावच्या कोर्टाजवळ दिवसभर प्रतिज्ञापत्रं बडवणाऱ्याची बोटं बघा. नजर कागदावर, दहाही बोटं आपापल्या जागी, चूक नाही. त्याच्यासमोर सॉफ्टवेअर पियानो उघडला तर बोटांची अर्धी लढाई त्यानं आधीच जिंकलेली आहे. संगीताची उरलेली अर्धी. आपल्या गड्याच्या दोन्ही अर्ध्या बाकी आहेत, पण हप्ते मात्र पूर्ण.

म्हणून लॅपटॉपच्या पियानोला हसू नका. त्यानं एक मोठं काम केलंय: ‘घरात वाद्य नव्हतं हो, नाहीतर शिकलो असतो’ ही मराठी मध्यमवर्गाची लाडकी सबब त्यानं मोडीत काढली. वाद्य मांडीवर आहे, पेटीचा आवाज फुकट आहे, तानपुरा फुकट आहे, शिकवणारे यूट्यूबवर ओळीनं बसलेत. विकतचं सॉफ्टवेअरही कुणाच्या तरी मित्राच्या पेनड्राइव्हवर क्रॅक करून ठेवलेलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

महाग उरलाय तो रोजचा अर्धा तास. त्याचा क्रॅक अजून निघालेला नाही.