पासनीस

आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांचं खरं आडनाव जिन्याखालच्या टपालपेटीवर लिहिलेलं आहे, आणि ते फक्त पोस्टमन वाचतो. बाकी सारा भोईवाडा त्यांना पासनीस म्हणतो. पेशवाईत फडणीस होते, चिटणीस होते, पोतनीस होते. पास सांभाळणारा अंमलदार नेमायचं तेवढं राहून गेलं. ती जागा या पासनीस काकांनी निवृत्त झाल्यावर बिनपगारी पत्करली.

असा माणूस तुमच्याही इमारतीत असेल. गणपतीचं पावतीपुस्तक त्याच्याकडे, लग्नाला जायच्या बसचं बुकिंग त्याच्याकडे, आणि ‘सगळ्यांनी मिळून घेतलं तर स्वस्त पडतं’ हे वाक्यही त्याच्याचकडे. आमच्या काकांनी मात्र या सामाजिक कार्याची एकच शाखा निवडली. ती म्हणजे पास.

९ मे २०२५ला बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, एसी बसचं सहाचं बारा. सगळी मुंबई हळहळली. काका त्या संध्याकाळी पेन्सिल घेऊन गॅलरीत बसले. दिवसाचा पास ६० रुपयांचा ७५ झाला होता. ‘भाडं दुप्पट आणि पास फक्त सव्वापट!’ ते आनंदाने म्हणाले. ‘म्हणजे पास स्वस्तच झाला की!’ पूर्वी साध्या बसमध्ये बारा वेळा चढल्यावर पास जेमतेम वसूल व्हायचा. आता आठव्या बसपासून नफा सुरू, एसी असेल तर सातव्यापासूनच. एका दिवसात आठ बसमध्ये चढून जायचं कुठे, हा प्रश्न काकांना कधी पडला नाही. जाणं हे त्यांच्या दृष्टीने वसुलीचं एक साधन आहे.

आता हा माणूस नुसता कंजूष असता तर सोपं होतं. पण रोज सकाळी काका केईएम रुग्णालयाजवळच्या बसस्टॉपवर उभे असतात. जळगाव, सांगली, नांदेडहून टाटा रुग्णालयात माणूस घेऊन आलेले नातेवाईक हातात फाइल धरून भांबावलेले असतात. काका आपणहून पुढे होतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या कुणी विचारलं, ‘दिवसाचा पास काढू का हो?’ तर काका त्याला ठाम सांगतात, ‘अजिबात नाही. जाऊन-येऊन २० रुपये. पंच्याहत्तर कशाला घालवता? त्यात दोन वेळचा चहा-नाश्ता होईल.’ परक्याला इतका चोख सल्ला देणारा हा माणूस इमारतीत शिरला की त्याची बुद्धी पालटते. परक्याचा पैसा वाचवायचा असतो, आपल्या माणसांचा वसूल करायचा असतो, असा काहीतरी त्यांचा धर्म असावा.

काकांचं दफ्तर म्हणजे श्रीखंडाचा एक रिकामा डबा. त्यात मुंबईच्या प्रवासाचे सगळे थर सापडतात. तळाशी लोकलच्या कुपनांच्या पुस्तिकेची दोन-चार पानं. ही कुपनं स्टेशनवरच्या यंत्रात घालून ठसा उमटवून घ्यावी लागायची आणि ठसा नेमका उमटत नसे. त्यावर २००७च्या सुमाराचं ‘गो मुंबई’ कार्ड. बस आणि लोकल दोन्हीला एकच कार्ड, ही काकांना पडलेली पहिली भूल. कार्ड विस्मरणात गेलं, भूल राहिली. मग लोकलच्या तिकीट-यंत्राचं एटीव्हीएम कार्ड, मग बेस्टचं चलो कार्ड, मग मेट्रोचं ‘मुंबई वन’. ‘यातलं चालतं कुठलं?’ असं कुणी विचारलं तर काका डब्याचं झाकण लावतात.

गटाने पास काढायचा नाद जुना आहे. एसटीने १९८८ साली ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना काढली, ठरावीक दिवसांचा पास. काकांनी कचेरीतल्या चौघांना गळ घालून तो घेतला. लॉजवर झोपलं तर तेवढे तास पास फुकट जातो, म्हणून रात्रीसुद्धा गाडीतच काढायच्या असं ठरलं. औरंगाबादेत उतरले, चहा घेतला, चढले. नागपुरात उतरले, चहा घेतला, चढले. परत आल्यावर त्या चौघांना आठवडाभर बसल्या जागी हिसके बसल्याचा भास होत होता. ‘काय काय पाहिलंत?’ असं विचारलं तर सगळे एकमुखाने डेपोंची नावं सांगत. काका मात्र आजही म्हणतात, ‘पास तिप्पट वसूल झाला.’

असं सगळं बरं चाललं असताना काकांचा भाचा म्युनिकला गेला आणि त्याने तिथल्या दिवसाच्या गट-तिकिटाचा फोटो पाठवला. एक तिकीट, पाच मोठी माणसं, दिवसभर कितीही फिरा, दुसऱ्या दिवशी पहाटे सहापर्यंत चालतं. सहा ते चौदा वर्षांची दोन पोरं मिळून एक मोठा माणूस धरतात. हे वाचून काकांचा जो चेहरा झाला तो त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्येही नाही.

‘दोन पोरांचा एक माणूस! याला म्हणतात सरकार.’

‘आमच्या बंड्याची दोन माणसं धरावी लागतील,’ पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. ‘आणि काका, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते बेस्टमध्ये कधी होणार ते आधी बघा. जर्मनीचं मागाहून.’

काकांनी तो फोटो तळमजल्यावरच्या मास्तरांना दाखवला. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, बेस्टचे निवृत्त कंडक्टर. हयातभर एका घंटीला बस थांबवली, दोन घंट्यांना सोडली. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला.

‘तिथे मेट्रोला फाटकं आहेत?’

भाच्याला विचारलं. नव्हती. माणसं सरळ आत जातात, मधूनच तपासनीस येतो.

‘मग काय. तपासनीस आला की पाच डोकी मोजतो आणि कागद बघतो. आपल्याकडे कागद बघायला माणूस नाही, फाटक आहे. फाटक एका कार्डाला एकदाच उघडतं. कार्डाच्या चिपवर लिहिलं जातं, हा आत गेला. तो बाहेर पडल्याशिवाय तेच कार्ड पुन्हा लावलं तर ते म्हणणार, तू तर आत आहेस. मग मागच्या चौघांनी काय करायचं?’

काका गप्प.

‘आमच्या वेळी,’ मास्तर म्हणाले, ‘बसमध्ये कुणी म्हणायचा, सतरा द्या. मी पेटीतून सतरा तिकिटं फाडायचो, टिक-टिक पंच मारायचो, एका हातात द्यायचो. झाला तुमचा गट-पास.’

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली, आणि त्याच सुमाराला ‘मुंबई वन’ नावाचं ॲपही आलं. बस, लोकल, मेट्रो धरून ११ सेवांची तिकिटं एका फोनवर. ११ सेवा एकत्र आल्या. आमच्या इमारतीतली अठरा माणसं मात्र अठराच राहिली. काकांनी ते मनाला लावून घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीत ‘एका दिवसात मुंबई’ अशी सहल जाहीर केली. राणीची बाग, सीएसएमटी, गेटवे, मग भुयारी मेट्रोने सिद्धिविनायक आणि घरी. कडेवरची पोरं सोडून अठरा डोकी. प्रत्येकाचं बेस्टचं कार्ड, त्यात दिवसाचा पास. प्रत्येकाचं मेट्रोचं कार्ड, त्यात पैसे. छत्तीस कार्डांवर छत्तीस चिकटपट्ट्या: ‘वहिनी १ला मजला’, ‘बंड्या’, ‘मास्तर (नाइलाजाने)’. कार्डं ज्याच्या त्याच्या हाती दिली तर हरवणार, म्हणून सगळी श्रीखंडाच्या डब्यात, डब्याला रबरबँड, डबा काकांच्या पिशवीत.

सकाळी बस आली. काका दाराशी उभे राहून डोकी मोजू लागले. ‘एक, दोन, तीन, वहिनी पुढे व्हा, चार…’ सतरा झाले, अठरावा सापडेना. काका मागे वळून स्टॉपवर शोधू लागले. अठरावे ते स्वतः होते. तेवढ्यात बस सुटली.

आत कंडक्टर आला. ‘तिकीट?’

‘पास आहे,’ सतरा जण एका सुरात म्हणाले.

‘दाखवा.’

सतरा बोटं मागच्या काचेकडे वळली. तिथे काका पिशवी छातीशी धरून बसमागे धावत होते आणि अंतर वाढत होतं.

कंडक्टरने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खिशातून १७० रुपये काढले आणि म्हणाले, ‘सतरा द्या.’ इतक्या वर्षांनी हे वाक्य त्यांना दुसऱ्या बाजूने म्हणायला मिळालं, आणि ते त्यांनी फार चवीने म्हटलं.

काका पुढच्या बसने राणीच्या बागेत आले ते चिडून. त्यांची बस चुकली याचा राग नव्हता. तिकीट काढल्यामुळे सतरा पासांची एकेक फेरी वाया गेली होती. ती भरून काढायला त्यांनी पेंग्विन उरकायला घेतले. ‘बघितला ना? काळा-पांढरा आहे. चला, बस पकडू.’ सीएसएमटीहून गेटवेपर्यंत मंडळी गप्पा मारत पायी जायला निघाली, तर काका फुटपाथवर आडवे आले. ‘पास असताना चालायचं? लाज नाही वाटत?’ गेटवेला समुद्राकडे पाठ करून ते परतीच्या बसची वाट पाहत होते.

मेट्रोत मात्र काकांनी बाजी मारली असं वाटलं. सीएसएमटीला एकेकाचं कार्ड हाती द्यायचं, टॅप झालं की फाटकापलीकडून परत घ्यायचं. सिद्धिविनायकला उतरल्यावर पुन्हा वाटप. घाईत चिकटपट्ट्या वाचल्याच गेल्या नाहीत, कुणाचं कार्ड कुणाकडे गेलं. पण सगळे एकाच स्टेशनवरून आत आलेले असल्याने फाटकाची काही तक्रार नव्हती. काका बाहेर येऊन विजयी मुद्रेने डबा बंद करायला गेले, तर हातात एक कार्ड उरलं. डोकी मोजली. अठरा. यावेळी स्वतःला धरून. बंड्या तेरा वर्षांचा असला तरी आईच्या पाठीला चिकटून, फाटक एकदा उघडलं त्यातच बाहेर निसटला होता.

काका खिडकीवर गेले.

‘हे कार्ड आत राहिलंय,’ ते म्हणाले.

‘कार्ड तर तुमच्या हातात आहे.’

‘हो, पण नोंद आत आहे. मुलगा बाहेर आलाय.’

‘कुठला मुलगा?’

‘हा.’ बंड्या पुढे आला आणि हसला.

‘मग आत कोण आहे?’

‘कार्डाच्या हिशेबी आतही हाच आहे.’

खिडकीतल्या बाईंनी शांतपणे कार्ड यंत्रावर ठेवलं, भाडं कापलं, नोंद मिटवली आणि बंड्याला समज दिली. बंड्या मात्र पुढे आठवडाभर अभ्यासाला हाक मारली की ओरडायचा, ‘मी अजून मेट्रोत आहे!’

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा हिशेब आला, फळ्यावर लिहावा तसा. १८ पास, ७५ प्रमाणे १,३५० रुपये. बसमधली तिकिटं १७०. एकूण १,५२०. दिवसभरात सगळ्यांनी चार-चार साध्या बस केल्या. नुसती तिकिटं काढली असती तर ७२० रुपयांत भागलं असतं. तूट ८००. खाली कारणमीमांसा होती: ‘तूट पासामुळे आलेली नाही. मंडळी बसमधून उतरल्यामुळे आली आहे.’ आणि त्याखाली ठळक अक्षरांत पुढच्या वर्षीचा नियम, की सहलीत कुणीही पायी चालणार नाही, स्थळं बसमधूनच पाहिली जातील, इच्छुकांनी नावं द्यावीत.

ग्रुपवर हसण्याच्या चित्रांचा पाऊस पडला. वहिनींनी विचारलं, ‘मग जेवणही बसमध्येच का?’ काकांनी गंभीरपणे उत्तर दिलं, ‘विचाराधीन.’ आणि या सगळ्याच्या मध्ये, सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी, कुणाच्याही आधी, यादीत पहिलं नाव पडलेलं होतं ते मास्तरांचं. पुढे कंसात लिहिलं होतं: ‘डबा माझ्याकडे राहील.’