खडूस एकशेसत्तर

कॅन्ससची राजधानी टोपेका. तिथे जाऊन आलेला मराठी माणूस माझ्या पाहण्यात नाही. पण गॅम्स शिकलेल्या प्रत्येकाने टोपेकाला माल मात्र धाडलेला असतो. जागतिक बँकेत १९७०च्या दशकात जन्मलेल्या या मॉडेलिंग भाषेचा पहिला धडाच तो. सिॲटल आणि सॅन डिएगोला कारखाने. न्यूयॉर्क, शिकागो, टोपेकाला गिऱ्हाइकं. वाहतुकीचा खर्च कमीत कमी किती? उत्तर १,५३,६७५ डॉलर. डिझेल कितीही भडको, हे भाडं वाढत नाही.

गॅम्सला आधी नावांची यादी द्यायची, मग आकडे. अंतरांच्या तक्त्यात सिॲटलच्या स्पेलिंगमधला एक टी गळाला, की कंपायलर चार चांदण्या काढून '१७०' छापतो आणि अडून बसतो. यादीबाहेरचं नाव! मग वैतागलेला माणूस तक्त्याच्या डोक्यावर डॉलरचं चिन्ह काढून 'ऑनवॉर्न' लिहितो. आता तोच गुन्हा नुसती वॉर्निंग ठरतो. आकडा स्वीकारला जातो, साठवलाही जातो; फक्त हिशेबात येत नाही. पंगतीत पाट मिळावा, पानही मांडलं जावं, पण वाढपी तिथवर पोचूच नये, तशी एका टीच्या सिॲटलची गत.

खऱ्या सिॲटलच्या वाट्याला अंतरच उरत नाही. आणि न दिलेला आकडा गॅम्सच्या लेखी शून्य. म्हणजे सिॲटल ते न्यूयॉर्क, अडीच हजार मैल, फुकट! नवं उत्तर येतं ७९,२०० डॉलर, आणि वर ऐटीत 'ऑप्टिमल'.

ऑनवॉर्न टाकाऊ नाही. दुसऱ्या सिस्टीममधून आलेल्या लांबलचक तक्त्यांत उपरी नावं असायचीच. पण तक्ता संपताच 'ऑफवॉर्न' लिहावं आणि लिस्टिंग फाइल वाचावी. गॅम्सच्या जीडीएक्स या डेटा फाइलमधून आकडे घेताना तर नुसतं 'लोड' म्हटलं की उपरी नावं बिनबोभाट गाळली जातात. झडती हवी असेल तर 'लोडडीसी' म्हणावं. तो निदान भांडतो तरी.

पण भांडण कुणाला हवंय? भाडं निम्म्यावर आणणाऱ्याचं मीटिंगमध्ये टाळ्या वाजवून कौतुक होतं. गळालेला टी हुडकून ते पुन्हा १,५३,६७५ वर नेणाऱ्याला साहेब विचारतात, "काय हो, तुम्ही हात लावला आणि खर्च जवळजवळ दुप्पट?"