मा. नियम ८१ यांच्या सेवेशी

प्रति,
मा. नियम ८१ (शुल्क),
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९.

विषय : विसाव्या वर्षीही चालू राहिल्याबद्दल बसलेल्या भुर्दंडाबाबत.

महोदय,

अर्जदार दिघीचा रहिवासी असून त्याच्याकडे एक इंडिका व्ही-टू डिझेल आहे. एमएच-१४, नोंदणी सप्टेंबर २००५, घरातली पहिली गाडी. २०२० साली तिला पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणी पाच वर्षांनी वाढवून द्यायचे आपण सहाशे रुपये घेत होता. एप्रिल २०२२पासून आपण त्याचे पाच हजार केलेत. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षं उलटलेल्या मोटारींसाठी दहा हजारांची नवी पायरी बांधलीत, जीएसटी वेगळा, राज्याचा पर्यावरण कर त्याहून वेगळा. अर्जदाराची फॉर्म २५ भरायची वेळ आली सप्टेंबरात. मुहूर्त काढावा तर आपणच.

आपण गाडी पाहिलेली नाही. पाहायची आपल्याला गरजही पडत नाही, कारण आपल्या तक्त्यात फक्त वयाचा रकाना आहे. म्हणून थोडं सांगणं भाग आहे.

ही गाडी एका दमात नवी झालेली नाही. पगारदार माणसाची गाडी हप्त्याहप्त्यानेच नवी होते. एका वर्षी पंप-नोझल, पुढच्या वर्षी क्लचप्लेट, मग टायमिंग बेल्ट, मग हीटर प्लग. बोनस झाला त्या दिवाळीत पत्रा. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तर खाली ओल होती. डेंटिंगवाल्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ खालच्या फरशीला जाऊन लागला. लांबी भरून, वरून रंग मारून दोन पावसाळे काढता आले असते, तसा सल्लाही मिळाला. अर्जदाराने सडका भाग ग्राइंडरने कापायला लावला, नवा पत्रा वेल्ड करून घेतला, त्यावर रेडऑक्साइड, त्यावर अंडरकोटिंग. महिनाभर गाडी सीटविना उभी होती आणि सीट घराच्या हॉलमध्ये. घरच्यांनी त्या सीटवर बसून मालिका पाहिल्या.

मग गिअर नीट पडेनात. लिंकेजचा बुश झिजला होता आणि तो कुठे मिळेना. इंडिकाचं उत्पादन २०१८ सालीच थांबलं. चिखलीच्या कुदळवाडीत जुना माल हमखास सापडायचा, पण तिथल्या भंगाराच्या गोदामांवर फेब्रुवारी २०२५मध्ये बुलडोझर फिरला. शेवटी भोसरी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने झिजलेला तुकडा हातात घेतला, व्हर्नियर लावला, किती झीज झाली असेल ते मनाशी धरलं आणि नायलॉनच्या रॉडमधून नवा बुश काढून दिला. ड्रॉइंग मागितलं नाही, गाडीचं वय तर नाहीच नाही.

या पट्ट्याला तसंही जुन्याचं वावडं नाही. इंडिका जिथे जन्मली तो कारखाना दिघीपासून फार लांब नाही. आराखड्याला इटलीतल्या तुरीनच्या आयडिया संस्थेचा हात लागला, आणि गाडी बांधण्यासाठीची यंत्रसामग्री आली ऑस्ट्रेलियातून. निसानचा तिथला कारखाना बंद पडला होता. त्याची लाइन खोलून, बोटीत घालून पिंपरी-चिंचवडला आणली आणि पुन्हा उभी केली. तिच्यावरून डिसेंबर १९९८मध्ये देशी बनावटीची म्हणून मिरवलेली गाडी बाजारात आली. पुढे हीच गाडी २००३ साली सिटीरोव्हर या नावाने थेट विलायतेत विकली गेली. त्या लाइनचं वय कुणी आपल्याला विचारलं असतं, तर काय दर लावला असता?

आता मुख्य दुखणं. आपल्या शेजारीच, ८१अ पासून पुढे, एक खानदानी बिऱ्हाड २०२१ साली राहायला आलं आहे : व्हिंटेज गाड्यांचं. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून पहिली नोंदणी वीस हजारांत होते, ती दहा वर्षं चालते, आणि पुढचं नूतनीकरण पाच हजारांत. अर्जदाराच्या इंडिकेला नूतनीकरणाचे दहा हजार. महाराजांची गाडी प्रदर्शनापुरती बाहेर निघते, हे मान्य. पण जी गाडी आईला आळंदीला नेते, दवाखान्यात नेते, मॅगझिन चौकातल्या खड्ड्यांत रोज कंबर मोडून घेते, तिने दुप्पट का मोजायचे?

आणि ज्यांनी गाडी सोडून दिली त्यांचं काय? दिघीच्या गल्लीबोळांत टायर जमिनीत रुतलेल्या, काचेवर बोटभर धूळ चढलेल्या गाड्या उभ्या आहेत. त्यांच्याकडून आपल्याला दमडी मिळत नाही. वसुली होते ती ज्याने पत्रा बदलला, पंप कॅलिब्रेट केला, पीयूसी वेळेवर काढली त्याच्याकडून. धुराची काळजी असेल तर धूर मोजा! ब्रेक तपासा, स्टिअरिंग तपासा, चेसिसखाली झोपून बघा, नापास करायची तर खुशाल करा. पण कागदावरचं एक साल वाचून दहा हजार मागायचे, याला तपासणी म्हणत नाहीत, खंडणी म्हणतात.

(अर्जदाराचा तोल गेला. क्षमस्व.)

बाकीच्या तक्रारी किरकोळ. सुरक्षा नंबरप्लेटसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी भरून तारखेच्या आत धावलेल्यांसमोर ती तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. शेजारच्या जुन्या मारुतीवाल्याला वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पाजून वर सांगण्यात आलं, की रबरी भाग बदलावे लागतील, पण स्वस्तात होतं. तो आपल्याला स्वतंत्र लिहिणार आहे.

खरं तर आपल्याकडे बघून अर्जदाराला थोडी मायाही वाटते. आपण १९८९चं मॉडेल. इंडिकेपेक्षा सोळा वर्षांनी थोरले. मूळचे आकडे कधीच गळून गेले. वर्षाआड कुणीतरी मंत्रालयात बसून जुना रकाना कापतो, नवा जोडतो, कडेला अ, ब, क लावतो आणि राजपत्रात छापून पुन्हा रस्त्यावर सोडतो. जोड दिसतात, पण चालता. आपल्याला भंगारात काढा असं कुणी म्हणालं नाही, आणि अर्जदारही म्हणणार नाही. रक्कम आपण ठरवत नाही, एवढं त्यालाही कळतं. आपण फक्त ती अंगावर वागवता.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढचे दर आगाऊ कळवावेत. इंडिकेची पन्नाशी २०५५ साली. तोवर, आत्ताचं धरून, सहा नूतनीकरणं. आजच्या दराने साठ हजार, जीएसटी सोडून. त्यानंतर व्हिंटेज बिऱ्हाडात शिरायचे वीस हजार. हे नक्की असेल तर अर्जदार पुढचे लोअर आर्म यंदा करतो आणि रेडिएटर पुढच्या वर्षावर टाकतो. आकडा २०३०मध्ये परत बदलणार असेल, तर दोन्ही आत्ताच उरकावे लागतील, कारण नंतर हातात पैसे राहायचे नाहीत.

सोबत : फॉर्म २५, पीयूसी, विम्याची प्रत, दहा हजारांची पावती.

प्रत माहितीसाठी : शेजारील ८१अ.

आपला,
अर्जदार, दिघी