हाल राजाची प्लेलिस्ट

पैठणच्या घराघरांत सध्या एखादा इअरफोनधारी अवतार सापडतोच. बीटीएसच्या सातही जणांचे वाढदिवस त्याला तोंडपाठ. सख्ख्या मावशीचा मात्र फेसबुकनं सांगावा लागतो. ‘झिंगाट’ वाजलं की पाय आधी हलतात, पाहुण्यांना नमस्कार नंतर. ओट्यावरची ज्येष्ठ मंडळी यावर कडाडतात, ‘‘नाथांच्या गावात हे असले चाळे!’’

मंडळींनी गावाचं जुनं दप्तर जरा चाळावं. इथल्याच सातवाहनांपैकी हाल राजानं कोटीभर गाथांतून सातशे निवडल्या, असं खुद्द ‘गाथासप्तशती’ सांगते. भाषा माहाराष्ट्री प्राकृत. विषय बहुतेक प्रेमाचे, त्यात चोरट्या भेटी आणि नवरा गावाला गेल्याचे फायदेही. पोरांची प्लेलिस्ट त्यापुढे सोवळ्यातली वाटावी! पुढं सोळाव्या शतकात एकनाथांनीही अध्यात्म सांगायला विंचू, जोशी, गोंधळी ही रोजच्या वावरातलीच मंडळी भारुडात नाचवली.

तेव्हा पोरावर ओरडायला कारण एकच उरतं. राजा कोटीतून सातशे निवडून थांबला. हा दिसेल त्या गाण्याला लाइक ठोकतो आणि ऐकतो मात्र रीलपुरतं.