एक ते चार बंद

डॉक्टर निदान करतात, मी त्यावर अभिप्राय देतो. राहतो सदाशिव पेठेत. त्यामुळे गोळ्यांच्या खोक्यातला घड्यांचा कागद भिंग लावून वाचल्याशिवाय मला गोळी गिळवत नाही आणि वाचलेलं चार जणांना ऐकवल्याशिवाय ती पचत नाही.

सध्याचा विषय ओमेप्राझोल. जळजळीवरची गोळी. तिच्याबरोबर झोपेसाठी डायझेपाम चालू असेल, तर दोघींची विल्हेवाट लावणारं यकृतातलं एक एन्झाइम सामाईक निघतं: सीवायपी-२सी-१९. ओमेप्राझोल त्याचं काम रोखतं आणि मुळातच सावकाश उतरणारं डायझेपाम रक्तात आणखी रेंगाळतं. त्यातून बऱ्याच भारतीयांत हे एन्झाइम जन्मजातच मंद. म्हणजे पुण्यातल्या दुकानासारखं, एक ते चार बंद.

एक ते चार म्हटलं की मला राहवत नाही. चितळ्यांनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तेव्हा बाकरवडीची सोय झाली म्हणून लोक खूश झाले. मला मात्र गावाचा कणा मोडल्यासारखं वाटलं. अहो, ते तीन तास वामकुक्षीचे! डाव्या कुशीवर निजलं की अन्ननलिकेचं तोंड जठरातल्या आम्लाच्या वर राहतं, म्हणून जळजळ कमी. हे आता संशोधक सांगतात. आमच्या पेठेनं ते पिढ्यान् पिढ्या प्रत्यक्ष पडून सिद्ध केलंय. मिसळीवर दोनदा रस्सा मागून उजव्या कुशीवर लवंडणारेही मी पाहिलेत. ते बहुधा बाहेरगावचे. जेवणानंतर दोन-तीन तास आडवं होऊ नका, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे वाजले की चार! मग निजायचं कधी?

तर आमची आत्या. झोपेची गोळी एका डॉक्टरांची, जळजळीची दुसऱ्यांची. दोन फायली, आत्या एकच. रोज सकाळी चहा निवायच्या आत शब्दकोडं संपवणारी बाई पेन हातात धरून पेंगायला लागली. कोड्याच्या चौकटींतून शाईची एक रेघ वाकडीतिकडी खाली घसरलेली. ‘वय झालं,’ म्हणून सगळे मोकळे झाले. अरे, वय काय मागच्या महिन्यात नव्हतं? म्हाताऱ्या माणसाची पेंग कुणाला लक्षणच वाटत नाही, याची मला भयंकर चीड येते. रात्री बाथरूमला जाताना ती पडली असती, तर तेही वयाच्याच खात्यात गेलं असतं.

पुढे डॉक्टरांनी ओमेप्राझोलच्या जागी पॅन्टोप्राझोल दिलं. ते या एन्झाइमच्या वाटेला फारसं जात नाही. झोपेची गोळीही एकदम न तोडता हळूहळू कमी करत आणली. कोडी पुन्हा सुटू लागली. हे सारं माझ्या वाचनाचं फळ, असं मी जमलेल्या पाहुण्यांत सूचकपणे म्हणालो.

“तुझं कसलं?” आत्या म्हणाली. “त्या झोपेच्या गोळीसाठी मेडिकलवाल्याला वहीत नाव लिहावं लागतं ना, शेड्यूल एच-वन का काय ते? लिहिता लिहिता तिथल्या पोरानंच विचारलं, आजी, ही दुसरी गोळी पण तुमचीच? मग आधी डॉक्टरांशी बोला. मी तिथूनच फोन लावला.”

“मग मला नाही का सांगायचं?”

“सांगायलाच आले होते. दोन वाजले होते दुपारचे.”