आधी नाटक, मग भाषणं

स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर वेळ छापलेली असते सायंकाळी सहाची. पाहुणे येतात साडेसातला. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मनोगतं आणि अध्यक्षीय समारोप. त्यानंतर चित्रपटगीतांवरचे नाच. मुलांनी महिनाभर खपून बसवलेलं नाटक सगळ्यात शेवटी येतं. तोवर पहिल्या रांगेतले पाहुणे जेवायला गेलेले असतात, लहान लेकरं आयांच्या मांडीवर झोपलेली असतात आणि विंगेतून कुणीतरी सांगत असतं, "दहा वाजत आले, आवरा लवकर." ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. नियम योग्यच आहे. पण वेळ संपल्यावर कात्री दरवर्षी नाटकालाच का लागते? एखाद्या मनोगताला का लागत नाही?

ही तक्रार मी वारंगा फाट्यावरून करतो आहे. कळमनुरी तालुक्यातलं हे ठिकाण. नांदेडहून हिंगोली-अकोल्याकडे जाणारा आणि नागपूरहून यवतमाळ, हदगावमार्गे तुळजापूरकडे जाणारा, असे दोन हमरस्ते इथं मिळतात. प्रवासी थांबतात, खिचडी खातात, पुढं जातात. आसपासच्या खेड्यांतली मुलं मात्र इथं शिकायला येतात. त्यांच्यापैकी अनेकांनी नाट्यगृह आतून पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी रंगभूमी म्हणजे शाळेच्या मैदानावर लाकडी बाजांवर टाकलेल्या फळ्या आणि मांडववाल्याचा लाल पडदा. म्हणूनच त्या फळ्यांवर जे घडतं, ते नीट घडावं असं मला वाटतं.

सगळ्यात मोठा त्रास बक्षिसांचा. शेतकरी बाप कर्जाचा कागद हातात घेऊन उभा आहे, मुलगी त्याला काहीतरी विचारणार, मांडव शांत झालेला. तेवढ्यात सूत्रसंचालकाचा आवाज येतो, "या कलाकारांना अमुक साहेबांकडून एकशे एक रुपये." टाळ्या पडतात. देणारे गृहस्थ स्वतः स्टेजवर चढतात, बापाचं काम करणाऱ्या मुलाच्या हातात नोट देतात, फोटोसाठी थांबतात. मुलाला कळत नाही, बाप म्हणून उभं राहायचं की वाकून नमस्कार करायचा. तो नमस्कार करतो. मुलगी आपलं वाक्य विसरते. कौतुक मनापासूनचं असतं, यात शंका नाही. पण तेच एकशे एक रुपये पडदा पडल्यावर दिले तर त्यांचं मोल कमी होत नाही. उलट मुलांना ते शांतपणे घेता येतात.

दुसरा त्रास माईकचा. भाषणासाठी ठेवलेला एक उभा माईक तसाच मध्यभागी राहतो आणि त्याभोवती नाटक करायचं असतं. आई मुलाशी बोलते, पण त्याच्याकडे वळून बोलली तर आवाज जातो. म्हणून ती प्रेक्षकांकडे पाहून बोलते आणि मग बाजूला सरकते. मुलगा माईकपाशी येतो, उत्तर देतो, तोही सरकतो. चार पात्रं असली की पाणवठ्यावर घागरी भरायला लागावी तशी रांग लागते. महिनाभर एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलायला शिकवलेलं ऐनवेळी पुसलं जातं. त्यात रस्त्यावरून ट्रक हॉर्न वाजवत जातात. उपाय अवघड नाही. स्टेजच्या पुढच्या कडेला घडी घातलेल्या जाड कापडावर दोन-तीन माईक आडवे ठेवायचे आणि आदल्या दिवशी मुलांना उभं करून आवाज तपासायचा. साउंडवाल्याला हे येतं. त्याला ते कुणी सांगत नाही, कारण त्याच्याशी बोलणी होतात ती फक्त नाचाच्या गाण्यांची.

तिसरा त्रास तालमींचा. शाळा सुटल्यावर तालीम सुरू होते आणि एसटीची वेळ झाली की मोडते. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मोफत आहे. ही फार मोठी सोय आहे. पण पास असला तरी बस तिच्या वेळेलाच सुटते. त्यामुळे लांबच्या गावच्या मुली नाटकातून आपोआप गळतात आणि भूमिका फाट्याजवळ राहणाऱ्यांना मिळतात. चांगला आवाज असलेली, एकदा वाचून पाठ करणारी मुलगी निव्वळ बसपायी बाहेर राहते. आठवड्यातले दोन तास वेळापत्रकातच तालमीला दिले, तर हा अन्याय टळेल.

चौथा त्रास संहितेचा. कुठून तरी उतरवून घेतलेल्या झेरॉक्समध्ये सोसायटी असते, लिफ्ट असते, वॉचमन असतो. हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांच्या घरी हळद शिजते, वाळते, वसमतच्या बाजाराला जाते. भाव पडला की घरात काय बोललं जातं, ते या मुलांना तोंडपाठ आहे. त्यावर वीस मिनिटांचं नाटक ती स्वतः लिहू शकतात आणि घरच्या बोलीत बोलली तर उत्तम करतात. पण "येऊ लालो" म्हणालेल्या मुलाला स्टेजवर "येत आहे" म्हणायला लावतात आणि त्याच क्षणी त्याचा अभिनय संपतो.

छापील नाटक करायचं असेल तर तेही जरूर करावं. मराठीत मुलांसाठी मोठ्या लेखकांनी लिहिलं आहे. तेंडुलकरांनी लिहिलं, पु. ल. देशपांडे यांनी लिहिलं, रत्नाकर मतकरींनी तर आयुष्यभर लिहिलं. सुधा करमरकरांनी १९५९ साली 'मधुमंजिरी' करून बालरंगभूमीला व्यावसायिक नाटकाची शिस्त दिली. शाळेने विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांपुढं केलेल्या प्रयोगाला १९५७च्या कॉपीराइट कायद्यातच सवलत आहे. मग निदान लेखकाचं नाव तरी घ्यावं. मंडप देणाऱ्याचं नाव तीनदा पुकारलं जातं आणि नाटक लिहिणाऱ्याचं एकदाही नाही, याचं मला वाईट वाटतं.

नाचाला माझा विरोध नाही. मुलं नाचली पाहिजेत. पण नाच वाजत्या गाण्याच्या आधारावर उभा राहतो, नाटकाला मुलाचा स्वतःचा आवाज लागतो. चौथ्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असं बोलणं, दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं, सोबत्याची चूक झाकून पुढं नेणं, हे त्याला वर्गात सहसा शिकायला मिळत नाही. पुढं मुलाखतीत, ग्रामसभेत, बँकेच्या खिडकीसमोर याच गोष्टी कामी येतात.

मराठी नाटकाची सुरुवात मोठ्या शहरात झाली नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगली संस्थानात. 'वाटा-पळवाटा' लिहिणारे दत्ता भगत आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातले. चांगलं नाटक लहान गावातून येऊ शकतं, हे आपण पाहिलेलं आहे.

येत्या जानेवारीत पुन्हा मांडव पडतील. मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि पालकांना माझी विनंती आहे, पत्रिका छापायच्या आधी क्रम बदला. दीपप्रज्वलन झालं की पहिलं नाटक ठेवा. पाहुण्यांना खुर्चीवर बसवून ते पूर्ण पाहू द्या. सत्कार, मनोगतं, समारोप त्यानंतर घ्या. भाषण दोन मिनिटांनी कमी झालं तर काही अडत नाही. नाटकातली दोन मिनिटं कापली तर मुलांच्या महिनाभराच्या मेहनतीचा शेवटच प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही.